क्षमाशील लोखंड

विटीदांडूच्या खेळात आकड्यांना नावे आहेत. वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती द्राविडी वळणाची मोजणी महाराष्ट्रभर ऐकू येई. गावोगावी उच्चार बदलत, पण रीत एकच असे. प्रत्येक आकड्याला विटी शरीराच्या वेगळ्या जागी ठेवायची, कधी पायावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर, आणि तेथून ती उडवून टोलवायची. आकडा बदलला की शरीराची ठेवण बदलते, दांडू मात्र तोच राहतो.

गोल्फ या खेळातही आकडे आहेत, परंतु ते काठ्यांना दिलेले आहेत. तीन नंबरचे आयर्न, सात नंबरचे आयर्न, नऊ नंबरचे आयर्न. अंतर बदलले की खेळाडू काठी बदलतो आणि शरीराची फेक शक्यतो तीच ठेवतो. एका खेळात साधन स्थिर आणि माणूस बदलता, दुसऱ्यात माणूस स्थिर आणि साधन बदलते. जो खेळ आपले सारे वैविध्य साधनावर सोपवतो, त्याने पुढे आपल्या चुकांचा भारही साधनावरच टाकावा, हे क्रमप्राप्त होते. गोल्फच्या बाजारात ज्याला 'क्षमाशील' आयर्न म्हणतात, म्हणजे फटका जरा इकडेतिकडे बसला तरी चेंडू बराचसा सरळ धाडणारे आयर्न, त्याचा इतिहास हा या भाराच्या हस्तांतराचा इतिहास आहे. चुकण्याची मुभा कोणाला आणि किती, हा प्रश्न त्या इतिहासात सतत डोकावतो. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यायचा आहे.

या खेळाचा जन्म ज्या जमिनीवर झाला ती मालवणच्या किनाऱ्यावरील माणसाला अनोळखी वाटणार नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा, खुरट्या गवताचा एक पट्टा असतो. त्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. नांगराला निरुपयोगी, मेंढरांना चरायला बरी आणि कोणा एकाच्या मालकीची नसल्याने साऱ्या गावाला मोकळी अशी ती जमीन होती. आपल्याकडे देवबाग, तारकर्ली, शिरोडा या भागांत पुळणीच्या मागे असाच पट्टा आहे. फरक इतकाच की, तेथे मेंढपाळांनी आणि नगरवासीयांनी चेंडू टोलवला, येथे मात्र त्याच पट्ट्यावर जाळी सुकली, होड्या ओढल्या गेल्या, रापणीचे दोर खेचले गेले. जमिनीचा पोत सारखा असला म्हणून इतिहास सारखा होत नाही.

पण मालवणच्या पुळणीवर एक वस्तू अशी आहे की जिच्या आधाराने आपला विषय नीट समजावा. ती म्हणजे होडीची उलांडी. अरुंद होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या वाशांच्या टोकांशी, होडीपासून काही हात दूर एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. लाट आली, माणूस एका बाजूला झुकला, जाळे अचानक जड झाले, तरी होडी उलटत नाही. दूर बांधलेले ते लाकूड तिला सावरून धरते. एखादा मच्छीमार उलांडीची होडी वापरतो म्हणून त्याला कोणी कच्चा म्हणत नाही. समुद्रात जीवाशी गाठ असते आणि तेथे साधनाची क्षमा हा शहाणपणाचा भाग मानला जातो. क्षमेची लाज वाटू लागते ती खेळात, आणि तीही प्रामुख्याने ज्या खेळात प्रतिष्ठा गुंतलेली असते त्यात.

आता लोखंडाकडे वळू. अठराव्या शतकात, म्हणजे १७४४ साली लीथ येथे या खेळाचे पहिले लिखित तेरा नियम झाले त्या काळात, खेळाडूच्या जवळ बहुतेक काठ्या लाकडी माथ्याच्या असत. लोखंडी पात्याची काठी एखाददुसरी, गाडीच्या चाकोरीत वा दगडगोट्यांत अडकलेला चेंडू बाहेर काढण्यापुरती. याचे कारण चेंडूत होते. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरून तो चेंडू शिवत. कसबी कारागिराचे दिवसाला चारेक चेंडू होत, त्यामुळे तो महाग असे. लोखंडाचा एक तिरका घाव बसला की चामडे फाटे आणि पैसे पाण्यात जात. लोखंडी पाती घडवणारेही खास कारागीर नव्हते. नाल, नांगराचे फाळ, कुलपे करणारे गावचे लोहारच ते काम करीत. तेव्हाच्या लोखंडाला क्षमा हा शब्दच लागू नव्हता. चूक झाली तर शिक्षा खेळाडूला नव्हे, चेंडूला होई.

याच अवस्थेत हा खेळ हिंदुस्थानात उतरला. कलकत्त्याला १८२९ साली गोल्फ क्लब स्थापन झाला, तो ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला क्लब मानतात. मुंबईचा क्लब १८४२चा. म्हणजे मुंबईत ज्या काळी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' निघत होते, त्याच काळी तेथील स्कॉटिश व्यापारी आणि अधिकारी पिसांचा चेंडू टोलवू लागले होते. दोन्ही गोष्टी एकाच शहरात घडल्या, पण एकीची दुसरीला खबर असण्याचे कारण नव्हते.

या चित्रात बदल घडवून आणला तो आग्नेय आशियातील एका झाडाच्या चिकाने. गटापर्चा हा शब्द आपल्या जुन्या पिढीला परिचित आहे. मलायातील या चिकाचे नमुने कंपनी सरकारच्या सेवेतील डॉक्टर विल्यम मॉंटगोमरी यांनी १८४३च्या सुमारास विलायतेला पाठवले. ऊन पाण्यात मऊ होणारा आणि गार झाल्यावर टणक राहणारा हा पदार्थ पुढे समुद्राखालच्या तारांच्या वेष्टनाला उपयोगी पडला. १८७० साली मुंबई, एडन आणि सुएझ यांना जोडणारी तार याच वेष्टनात होती. त्याआधीच, १८४८च्या सुमारास, या चिकाचे चेंडू स्कॉटलंडात खेळात आले होते. त्यांच्या शोधाविषयी एक कथा सांगतात. सेंट अँड्रूजच्या पॅटर्सन नावाच्या विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्या तुकड्यांचा त्याने चेंडू वळला. कथेच्या खरेपणाची हमी कोणी देऊ नये. पण पूर्वेच्या एका चिकाने हा खेळ पालटला, हे तिचे तात्पर्य मात्र खरे आहे.

नवा चेंडू स्वस्त होता, आणि तो फाटत नव्हता. फुटला तर तापवून पुन्हा वळता येई. पिसांचे चेंडू करणारे अॅलन रॉबर्टसन हे त्या काळचे अग्रगण्य खेळाडू. त्यांना हा चेंडू आपल्या पोटावर पाय वाटला, आणि याच वादातून त्यांचा आणि त्यांचे सहकारी टॉम मॉरिस यांचा काडीमोड झाला. पण चेंडूची भीती सरली तशी लोखंडी पाती वाढत गेली. अंतरानुसार, चढावानुसार निरनिराळ्या कोनांची पाती लोहारांनी घडवली आणि क्लीक, मॅशी, निब्लिक अशी त्यांची नावे रुळली. पुढे १८९८ साली अमेरिकेत रबराचे धागे गुंडाळलेला चेंडू निघाला. हिकरी लाकडाच्या दांड्याची जागा पोलादी नळीने घेतली, त्याला सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळाची मान्यता १९२९ साली मिळाली. दांडे कारखान्यात एकसारखे होऊ लागले तशी नावे गळून आकडे आले. काठ्या इतक्या वाढल्या की १९३८ साली अमेरिकेत आणि १९३९ साली ब्रिटनमध्ये चौदांची मर्यादा घालावी लागली. साधनाने किती मदत करावी याची रेघ ओढण्याचा तो एक ठळक प्रयत्न होता.

या काळातील आयर्न पातळ, सुबक आणि निर्दय होते. घडीव पोलादाचे अरुंद पाते, वजन बहुतांशी मध्यभागाच्या मागे आणि दांड्याच्या बाजूला. पात्याच्या मर्मबिंदूवर चेंडू लागला तर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. बोटभर बाजूला लागला तर हातांना झिणझिण्या येतात, चेंडू अंतर गमावतो आणि दिशाही सोडतो. या निर्दयतेतून हळूहळू एक तत्त्वज्ञान तयार झाले: चांगले पाते खेळाडूला त्याची चूक सांगते, आणि जो चूक सोसतो तोच शिकतो. आपल्याला हे तत्त्वज्ञान परके नाही. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या आपल्या पंतोजींच्या शाळेचा आधार हाच होता. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण अशा तत्त्वज्ञानाचा पुरस्कार बहुधा ज्यांना शिकायला वेळ, मैदान आणि शिक्षक उपलब्ध असतात तेच करतात, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुण्याचा गोल्फ क्लब १८८६चा. कोणत्या मैदानावर कोणी पाऊल टाकावे हे त्या काळी रंग आणि हुद्दा ठरवीत असे. मुंबईत युरोपियन आणि हिंदी या दोघांनाही खुला असा विलिंग्डन क्लब निघाला तो थेट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि तोही संस्थानिक आणि श्रीमंत यांच्यासाठी. काठी निर्दय होती आणि कुंपणही.

या तत्त्वज्ञानाला धक्का देणारा माणूस खेळाच्या परंपरेबाहेरचा होता. कार्स्टन सोल्हाइम हे १९११ साली नॉर्वेतील बर्गन येथे जन्मले, बालपणीच अमेरिकेत आले आणि वडिलांच्या चांभारकामाच्या दुकानात वाढले. मंदीमुळे त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण मधेच थांबले. पुढे विमानांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांत त्यांनी अभियंता म्हणून काम केले. गोल्फची काठी प्रथम हाती धरली ती बेचाळीसाव्या वर्षी, सहकाऱ्यांच्या आग्रहावरून. त्या वयात शिकणाऱ्याला निर्दय पात्याचे तत्त्वज्ञान मानवणे कठीणच. चूक हाताची असेल, पण तिचा एवढा मोठा परिणाम होऊ देणे हा साधनाचा दोष आहे, असे अभियंत्याच्या नजरेला दिसले. १९५९ साली त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये एक पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याची काठी, बनवली. तिचे वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना ठेवले होते. चेंडूला लागताना ती किणकिणे, त्या नादावरून तिचे नाव 'पिंग' पडले. हीच कल्पना त्यांनी पुढे आयर्नला लावली. पात्याची पाठ पोखरून तेथील धातू कडेला नेला. १९८२ साली निघालेली त्यांची 'आय टू' ही आयर्न अतोनात खपली, आणि पोकळ पाठीचे पाते हे सामान्य खेळाडूचे पाते बनले.

यामागील तत्त्व आपल्या गावच्या चौकात अनेकांनी पाहिलेले आहे. दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब बांबू आडवा धरते. वजन मध्यापासून जितके दूर, तितका गिरकीला विरोध जास्त. तोल गेला तरी तो हळू जातो आणि सावरायला क्षणभर उसंत मिळते. कडेला वजन असलेले पाते याच न्यायाने टोकाशी चेंडू लागला तरी कमी फिरते. उलांडीचे बळ पाण्याच्या उचलीतून येते, बांबूचे जडत्वातून, हा भेद खरा. पण 'आधार मध्यापासून दूर ठेवावा' ही युक्ती दोहोंत एकच आहे.

पोकळ पाठीचे असे पाते ऐरणीवर घडवणे अवघड, म्हणून सोल्हाइम यांनी ओतकामाची वाट धरली. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीसदृश लेप चढवायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ही रीत त्या कारखान्याची नवी नव्हती. मधूच्छिष्ट म्हणजे मेण, आणि मूर्ती ओतण्याचे हे मधूच्छिष्टविधान कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात वर्णिले आहे. आपल्याकडचे ओतारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. तरीही गोल्फच्या जगात 'घडीव' या शब्दाला जो मान आहे तो 'ओतीव' या शब्दाला नाही. मऊ घडीव पोलादाचा स्पर्श निराळा असतो असे जाणकार म्हणतात. ते त्यांच्यापुरते खरेही असेल, पण मानाचा बराचसा भाग शब्दाचा आहे. मराठीतही गुरू शिष्याला 'घडवतो', साच्यातून मात्र 'गणपती निघतात'. ठोके खाल्ल्याशिवाय मोल नाही ही समजूत भाषेतच मुरलेली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण विक्रेते ती क्वचितच सांगतात. क्षमाशील आयर्न कोणती चूक माफ करते? चेंडू पात्यावर कोठे लागला, ही. पाते कोणत्या दिशेला तोंड करून आले, ही नव्हे. पाते उजवीकडे उघडे राहिले तर चेंडू उजवीकडेच निघेल, पाठ कितीही पोकळ असो. रुंद तळ मातीत रुतण्याची चूक काहीशी झाकतो. खाली आणलेले वजन चेंडूला उंची मिळवून देते. दांड्याच्या किंचित मागे ठेवलेले पाते हातांना ते सरळ करायला निमिषभर अधिक देते. पण निशाण चुकीचे धरले, वाऱ्याचा अंदाज चुकला, पाण्यापलीकडे मारण्याचा वेडा मोह झाला, तर लोखंड काही करू शकत नाही. क्षमा मिळते ती हाताच्या चुकीला. निर्णयाची चूक ज्याची त्यालाच भोगावी लागते. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

क्षमेच्या नावाखाली काही फसवणूकही चालते. पूर्वी सात नंबरच्या पात्याचा कोन सुमारे पस्तीस अंश असे. आजच्या नवशिक्यांसाठीच्या अनेक संचांत तो तिसाच्या आत आला आहे. चेंडू लांब जातो आणि घेणारा खूश होतो, पण प्रत्यक्षात त्याच्या हाती जुन्या सहा किंवा पाच नंबरचे पाते सात आकडा कोरून दिलेले असते. विटीदांडूत लेंडला मूंड म्हणणाऱ्याला बाकीची पोरे खेळू देत नसत. येथे बाजार देतो.

नियामक संस्थांनीही ही रेघ वेळोवेळी पुसून पुन्हा ओढली. 'आय टू'च्या पात्यावरील चौकोनी खाचांवरून सोल्हाइम आणि अमेरिकन नियामक मंडळ यांच्यात वाद पेटला आणि १९९० साली तडजोड झाली. २०१० साली तीक्ष्ण खाचांवर व्यावसायिक स्पर्धांत बंदी आली तेव्हा त्या तडजोडीमुळे जुनी 'आय टू' पाती सुटली, आणि फिल मिकल्सन यांच्यासारख्या खेळाडूने ती वापरताच पुन्हा गदारोळ झाला. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर या काठीच्या माथ्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरवर रोखले गेले आणि तिच्या गिरकीविरोधालाही कमाल मर्यादा घातली गेली. म्हणजे किती क्षमा करावी याचा आकडा कायद्याने ठरला. टेनिसमध्ये हॉवर्ड हेड यांची मोठ्या जाळीची रॅकेट १९७६ साली आली, तेव्हाही हीच चर्चा झाली होती. अडचण संपली तर खेळच संपतो, हा नियमकर्त्यांचा आक्षेप खोटा नाही. मात्र टेनिसही संपला नाही आणि गोल्फही. शिकणाऱ्यांची संख्या तेवढी वाढली.

पण क्षमेची सर्वांत अधिक गरज ज्यांना, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी आली. भारतीय व्यावसायिक गोल्फचा एक मोठा प्रवाह कॅडींतून, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मुलांतून, आला आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावरचे कॅडी होते. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीतील कॅडी मुलांनी गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी, तिला नळीचा तुकडा गुंडाळून मूठ, आणि प्लास्टिकचा चेंडू. सळईला ना कोन नीट, ना कडेला वजन. मर्मबिंदू असलाच तर तिळाएवढा. चूक झाली तर चेंडू कोणाच्या तरी खिडकीत. हातात सर्वांत निर्दय लोखंड घेऊन शिकलेल्या या मुलांचे कौतुक आपण जरूर करावे. पण त्या कौतुकातून 'कठीण साधनानेच माणूस घडतो' असा निष्कर्ष काढणे ही क्रूर चलाखी होईल. जे तरले ते दिसतात. सळईपाशीच ज्यांचा खेळ थांबला त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

सिंधुदुर्गाच्या अगदी उंबऱ्यावरही हा खेळ येऊन थबकला आहे. रेडीच्या पुढे, तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडणारे तेरेखोल गाव आहे. तेथला किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांचा. तो १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून गाव गोव्याचे झाले. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तेथे गोल्फचे मैदान आणि आलिशान हॉटेल उभारण्याचा बेत पुढे आला. जमीन कसणाऱ्या कुळांनी आणि ग्रामस्थांनी विरोध केला. प्रकरण हरित लवाद आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्कॉटलंडात गावाच्या सामाईक जमिनीवर जन्मलेला खेळ येथे गावाची जमीन मागत आला, हा इतिहासाचा उलटा फेरा आहे. पाते कितीही क्षमाशील करता येते, पण कुळाच्या हातून एकदा गेलेली जमीन परत आणणारी क्षमा अद्याप कोणी ओतलेली नाही.

असो. ज्याला हा खेळ शिकायचा आहे त्याने काय निवडावे, याचे उत्तर या इतिहासात आहे. पोकळ पाठीचे, रुंद तळाचे, कडेला वजन असलेले आयर्न निःसंकोच घ्यावे. चौदा काठ्यांचा भार नको, पाचसहा पुरेत, जुन्या असल्या तरी चालतील. कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये, कोन विचारून घ्यावा. टायगर वुड्स पातळ घडीव पाती वापरतात हे आपण तशीच घेण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण त्यांचा हात बोटभरही चुकत नाही म्हणून त्यांना ती परवडतात. आणि हे सारे केल्यावरही चेंडू उजवीकडेच जात राहिला तर लोखंडाला दोष न देता आपली उभे राहण्याची रीत तपासावी.

आपल्याकडे कोणतीही विद्या शिकवताना, मग ते गाणे असो, गणित असो वा लेखन, पहिल्याच दिवशी हाती पातळ पाते देण्याची खोड आहे, आणि न जमल्यास हात वाईट ठरवण्याचीही. मालवणच्या दर्यात उतरणाऱ्याने ही खोड स्वतःला लावून घेतली नाही. त्याने आधी उलांडी बांधली, आणि मग समुद्र शिकला.